ओढ्यावरचा आमचा मातीचा बांध : दहा महिन्यांच्या दुरुस्तीचा अनुभव

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला, आमची वडिलोपार्जित जमीन आहे. तिच्यातून वाहणाऱ्या ओढ्यावर १९८६ साली बाबा आणि माझे दोन काका यांनी मातीचा बांध घातला. त्या तळ्याचे पाणी शेतीला कधी लागले नाही, कारण आमच्याकडचे भात पावसावरच पिकते. आम्ही सारी भावंडे तिथे पोहायला शिकलो, घरचे गणपती तिथेच विसर्जित होऊ लागले, आणि पुढे दादाने (माझ्या चुलतभावाने) दोन होड्या आणून बेळगाव-गोव्याकडून येणाऱ्या पाहुण्यांसाठी लहानसे कृषी पर्यटन सुरू केले. ओढ्याच्या तळापासून मोजल्यास बांधाची उंची ६.२ मीटर आणि माथ्यावरची लांबी ८४ मीटर आहे. तळे काठोकाठ भरले की त्यात सुमारे १३,००० घनमीटर, म्हणजे एक कोटी तीस लाख लिटर पाणी साठत असे. हे आकडे मला आज ठाऊक आहेत. जुलै २०२३ मध्ये यातला एकही आकडा आमच्या घरात कोणाला सांगता आला नसता, आणि बांधाच्या खाली चारशे मीटरवर आठ घरांची वस्ती आहे.

त्या वर्षीचा जून कोरडा गेला आणि जुलैच्या उत्तरार्धात पावसाने ती कसर भरून काढली. रविवारी, २३ जुलैला, वहिनी गवत कापायला बांधाच्या कोरड्या बाजूला गेल्या असताना डाव्या अंगाला, तळ्याचे पाणी सोडण्यासाठी बांधातून घातलेल्या जुन्या नळाच्या तोंडापासून हातभर अंतरावर, त्यांचा पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतला. तिथून बारीक धार वाहत होती. मी त्या दिवशी बेळगावहून गावी आलेलीच होते. पावसाळ्यात सगळीकडेच पाणी झिरपते, अशी आम्ही आमची समजूत घातली, तरी मनात कुठेतरी २ जुलै २०१९ ची रात्र होती. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण त्या रात्री फुटले, वीसहून अधिक माणसे गेली, आणि त्याआधी तिथे गळतीच्या तक्रारी झाल्या होत्या, हे आम्ही सर्वांनी वाचलेले होते.

आमच्या गावचे जावई पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता आहेत आणि बेळगावात टिळकवाडीत राहतात. त्यांना सगळे साहेबच म्हणतात. मी फोन केला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो किती पाणी येते याचा नव्हता. "पाणी निवळ आहे की गढूळ?" असे त्यांनी विचारले. मातीच्या बांधातून थोडे पाणी झिरपणे स्वाभाविक असते. त्या पाण्यासोबत बांधाची माती बाहेर पडू लागली, की आत एक बीळ तयार होते, ते पायथ्याकडून तळ्याच्या दिशेने मागे मागे खात जाते, आणि तळ्यापर्यंत पोहोचल्यावर बांध टिकण्याची आशा फार थोडी उरते. त्यांनी आम्हाला दोन कामे सांगितली. धारेखाली दहा लिटरची बादली लावून ती किती सेकंदांत भरते ते लिहायचे, आणि रोज सकाळी त्याच पाण्याची काचेची बाटली भरून चोवीस तास स्थिर ठेवायची. पहिल्या दिवशी बादली भरायला ५० सेकंद लागले. बुधवारी, २६ जुलैला, ३५ सेकंद लागले, आणि आदल्या दिवशीच्या बाटलीच्या तळाशी करंगळीच्या नखाएवढा तांबूस गाळ बसलेला दिसला.

त्या संध्याकाळी साहेब स्वतः आले. दादाने तोपर्यंत चिकणमातीच्या दोन पाट्या आणून ठेवल्या होत्या आणि भोक बुजवून टाकण्याची तयारी केली होती. साहेबांनी त्याला थांबवले. बाहेरून तोंड बंद केले तर पाणी आतल्या आत दाब धरते आणि दुसरीकडून अधिक जोराने फुटते. त्यांनी त्या जागेवर आधी धुतलेली जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी आणि वर दगड असा थर रचून घेतला, ज्यामुळे पाणी बाहेर येत राहते आणि मातीचे कण मागे अडतात. कोणाच्या बांधावर अशी वेळ आली तर ही एक गोष्ट विसरू नये. वाळू आणि खडीचा एक ढीग पावसाळ्यापूर्वीच बांधाजवळ आणून ठेवावा, कारण आम्हाला ती रात्री नऊ वाजता शेजारच्या गावातल्या एका बांधकामावरून मागून आणावी लागली.

दुसरे काम तळ्याची पातळी उतरवण्याचे होते. जुन्या नळाची झडप गंजून पूर्ण बसली होती, ती दहा वर्षांत कोणी फिरवली नव्हती. म्हणून चार इंची प्लास्टिक पाइपचे तीन सायफन केले. दोन्ही तोंडे बंद ठेवून पाइप पाण्याने गच्च भरायचे, ते बांधावरून पलीकडे सोडायचे आणि मग दोन्ही तोंडे उघडायची, एवढेच त्याचे तंत्र असले तरी ते जमायला आम्हाला दोन तास लागले. पाऊस ओसरल्यावर पाणी दिवसाला जवळपास एक फूट उतरू लागले. त्याहून घाई करायची नाही अशी साहेबांची सक्त ताकीद होती. भिजून जड झालेल्या आतल्या उताराला पाण्याचाच आधार असतो, आणि तो एकाएकी काढून घेतला तर उतार घसरून तळ्यात येतो.

या साऱ्यात मला सर्वांत अवघड गेले ते खालच्या वस्तीत जाऊन सांगणे. आमच्या चुकीमुळे ज्यांच्या घरांना धोका आहे, त्यांच्याच ओट्यावर बसून तो धोका समजावून द्यायचा होता. दादा आणि मी आठही घरी गेलो, प्रत्येकाचा फोन नंबर लिहून घेतला, आणि रात्री दोघेजण बॅटरी घेऊन बांधावर पहारा देतील असे सांगितले. कोणी रागावले नाही. शेवटच्या घरातल्या आजींनी मात्र शांतपणे विचारले, "पाणी आलंच तर आम्हास्नी पळायला किती वेळ गावंल, बाई?" माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या सगळ्या महिन्यांत, कार्यालयांच्या बाकांवर बसलेली असताना, तोच प्रश्न माझ्याबरोबर असे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी पाच फुटांनी उतरले आणि झिरपणे जवळजवळ थांबले. सात तारखेपासून मी कार्यालये गाठू लागले. आमची समजूत अशी होती, की कोणते तरी खाते येईल, बांध तपासेल आणि काय करायचे ते सांगेल. पहाणी उतारा (आमच्याकडचा सातबारा), गावनकाशा, बांधाचे फोटो आणि अर्ज घेऊन मी ग्रामपंचायतीत पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) भेटले, तिथून एका कार्यालयात आणि तिथून दुसऱ्या कार्यालयात गेले. बांध खासगी असल्यामुळे तो आमच्या यादीत नाही, असे एका ठिकाणी ऐकले, तर दुसऱ्या ठिकाणी माझा अर्ज तीन आठवड्यांनी सापडेनासा झाला. सुदैवाने प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतलेली होती, म्हणून तोच अर्ज पुन्हा दाखल करता आला. अर्ज कन्नडमध्ये लिहून सोबत मराठी प्रत जोडली तर टेबलावरचे काम सोपे होते, हा माझा अनुभव आहे. मला कन्नड बोलता येते, परंतु कार्यालयीन कन्नड लिहिता येत नाही. गावातल्या कन्नड शाळेच्या बाईंनी तिन्ही अर्ज लिहून दिले आणि "सांडवा" (तळ्यातले जादा पाणी बाहेर जाण्याची वाट), "पायथा", "झिरपणे" यांसाठी योग्य शब्दही शोधून दिले.

याच काळात धरण सुरक्षा कायदा, २०२१ मी वाचून काढला. तो कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो, आणि १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लांबी, साठा, विसर्ग किंवा पाया यांसंबंधीच्या काही अटी पूर्ण होत असतील तरच लागू होतो. अशा धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणे त्यात बंधनकारक आहे. आमचा ६.२ मीटरचा बांध त्या चौकटीत कुठेच येत नव्हता. बांधाची परवानगी किंवा नकाशा कुठे नोंदलेला आहे का, हे विचारण्यासाठी माहिती अधिकारात दहा रुपये भरून अर्ज केला, तेव्हा अठ्ठावीस दिवसांनी "अभिलेख उपलब्ध नाही" असे उत्तर आले. ते वाचून आधी निराशा झाली, पण त्या कागदामुळे एक गोष्ट पक्की झाली. हा बांध बाबा-काकांनी घातला, त्याचा लाभ आम्ही घेतला, आणि त्याची जबाबदारी पूर्णपणे आमची होती. कोणाची वाट पाहायची नव्हती.

साहेबांच्या ओळखीने मातीच्या कामांचा अनुभव असलेले एक सल्लागार अभियंता मिळाले. त्यांनी १४ ऑक्टोबरला, शनिवारी, दोन मदतनिसांसह दिवसभर पाहणी केली. मी वही घेऊन त्यांच्या मागे फिरले, आणि सदतीस वर्षे ज्या बांधावरून चालले तो जणू पहिल्यांदाच पाहिला. डोळ्यांना सपाट वाटणारा माथा मध्यभागी ४० सेंटीमीटरने खचलेला होता, म्हणजे पाणी कधी वरून गेले असते तर नेमके तिथून, म्हणजे ओढ्याच्या तळापासून बांध जिथे सर्वांत उंच आहे तिथून गेले असते. कोरड्या उतारावर एक जांभूळ आणि तीन करंज वाढले होते. सावलीसाठी ते आम्हीच जपले होते. झाड वादळात उन्मळले तर मुळांसह बांधाचा लचका निघतो, आणि वाळले तर कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला आयत्या वाटा मिळतात. घाणेरीच्या जाळीखाली दोन वारुळे आणि खेकड्यांची कितीतरी बिळे होती. त्या जाळीमुळे इतकी वर्षे ती कोणाला दिसली नव्हती. गळतीचे मूळ जुन्या नळाशी होते. नळाच्या बाजूने माती नीट दाबली जात नाही, त्यामुळे नळ आणि माती यांच्या फटीतून पाणी वाट काढते.

सांड्याजवळ आल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. होड्यांना उन्हाळ्यात पाणी पुरावे म्हणून दादाने सांड्याच्या तोंडावर फूटभर उंचीच्या फळ्या बसवल्या होत्या, आणि ती सूचना माझीच होती. ओढ्याचे पाणलोट क्षेत्र सुमारे ४० हेक्टर आहे. तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला निम्मा वाहून आला असे धरले, तर सेकंदाला साडेपाच घनमीटर पाणी येते. तीन मीटर रुंदीच्या आमच्या सांड्यावरून, अर्धा मीटर उंच धार धरली तरी, १.८ घनमीटरच जाऊ शकत होते, आणि फळ्या असताना त्याहूनही कमी. उरलेले पाणी बांधाच्या माथ्यावरून गेले असते. दगडी बांध काही काळ असे पाणी सोसतो, पण माती सोसत नाही. फळ्या आम्ही त्याच दुपारी काढल्या.

सर्वेक्षण, माती परीक्षण आणि अहवाल यांचे ४६,००० रुपये झाले, आणि अहवाल २ डिसेंबरला हाती आला. पुढच्या रविवारी तिन्ही घरांची बैठक झाली. बांध रीतसर कापून ओढा मोकळा करावा, हाही एक मार्ग अहवालात दिलेला होता आणि तो सर्वांत स्वस्त होता. धाकट्या काकांचे डोळे भरून आले, तरी "माणसांपेक्षा तळं मोठं नाही" असे तेच प्रथम म्हणाले. अखेर बांध राखायचा, परंतु तळ्याची पूर्ण पातळी कायमची ९० सेंटीमीटरने खाली आणायची, सांडवा दहा मीटर रुंद करायचा, नळ उपटून टाकायचा आणि त्याऐवजी बांधाच्या माथ्यावरून सहा इंची कायमचा सायफन बसवायचा, असे ठरले. तळे लहान होणार होते. ते मान्य करायला आम्हाला दोन तास लागले.

झाडे खासगी जमिनीतली असली तरी ती तोडण्यासाठी कर्नाटकात १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. त्यात पाच आठवडे गेले. म्हणून हा अर्ज अहवालाची वाट न पाहता, पाहणी झाल्याबरोबर करावा. चिकणमाती आमच्याच जमिनीत मिळाली, मुरूम मात्र परवाना असलेल्या खाणीतून पावती घेऊन आणला आणि त्या पावत्या आजही फाईलमध्ये आहेत.

फेब्रुवारीत तळे सावकाश रिकामे केले. नळाच्या ठिकाणी बांध पायापर्यंत उघडला तेव्हा नळाखाली मूठ आत जाईल एवढी पोकळी निघाली, आणि ती साडेचार मीटर आत गेलेली होती. दादा तिच्याकडे पाहत तिथेच खाली बसला. त्या क्षणापर्यंत आमच्यापैकी काहींना हा सारा खर्च जरा जास्तच वाटत होता. त्यानंतर खर्चाबद्दल कोणी बोलले नाही.

मातीकामात प्रत्यक्ष उभे राहावे लागते, हे मी कळकळीने सांगेन. उघडलेला भाग भरताना कडा उभ्या न ठेवता उतरत्या कापाव्या लागतात, तरच नवी माती जुन्या मातीला धरते. माती २० सेंटीमीटरच्या थरांत पसरून, ओलसर करून, प्रत्येक थर रोलरने दाबायचा असतो. ठेकेदाराला दोन फूट माती एकदम टाकून वरून जेसीबी फिरवायचा होता, आणि मी नसलेल्या एका दिवशी तसे झालेही. तो सगळा भाग पुन्हा उकरायला लावला, त्यात चार दिवस आणि अठरा हजार रुपये गेले. ओलावा ओळखण्याची एक रीत अभियंत्यांनी शिकवली. मूठभर माती आवळली की तिचा लाडू व्हावा, हाताला चिखल लागू नये, आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर लाडवाचे दोन-चार तुकडे व्हावेत. भुगा झाला तर पाणी कमी, चपटा झाला तर जास्त. झाडांची मुळे मनगटाएवढी जाड होती तिथपर्यंत खणून काढली आणि ते खड्डेही असेच थराथरांनी भरले.

मार्च ते मे हा काळ लोकसभा निवडणुकीचा होता. आमच्या भागात मतदान ७ मेला होते, त्याच्या आगेमागे मजूर आणि कार्यालयातले कर्मचारी दोघेही मिळेनात. वळवाच्या दोन सरी उघड्या मातीवर आल्या, ताडपत्र्या कमी पडल्या, आणि वरचा एक थर काढून पुन्हा करावा लागला. २८ मे २०२४ ला काम संपले. अहवालापासून शेवटच्या पावतीपर्यंत सात लाख चारशे रुपये खर्च झाले, त्यातले २,८५,००० यंत्रे आणि मातीकामाचे, १,७४,००० सांड्याचे. काम पूर्ण झाल्याचे अभियंत्यांचे पत्र आणि नकाशे ग्रामपंचायतीत व तहसील कार्यालयात दाखल करून पोहोच घेतली, जेणेकरून पुढे कोणी माहिती मागितली तर "अभिलेख उपलब्ध नाही" असे उत्तर येऊ नये.

आजींच्या प्रश्नाचे उत्तरही अभियंत्यांकडून घेतले होते. बांध फुटलाच, तर वस्तीपर्यंत पाणी पोहोचायला तीन ते चार मिनिटे. ९ जूनला, रविवारी, आम्ही आठही घरांसह टेकाडावरच्या देवळापर्यंत चालून पाहिले. काठी टेकत आजींना सहा मिनिटे लागली. म्हणून बांध फुटल्याची वाट पाहणारी कोणतीही व्यवस्था तिथे उपयोगाची नव्हती. सांड्यावरून ३० सेंटीमीटरहून जास्त पाणी जाऊ लागले किंवा पायथ्याचे पाणी गढूळ दिसले, की त्याच वेळी फोन करायचे, देवळाची घंटा वाजवायची आणि आजींना दादाच्या गाडीतून आधी न्यायचे, असे ठरले. एक कागद प्रत्येक घरात दाराच्या आत चिकटवला.

जुलै २०२४ च्या अखेरीस खानापूर तालुक्यात मोठा पाऊस झाला. २५ तारखेच्या रात्री आम्ही चौघे बांधावर होतो. सांड्यावरून १८ सेंटीमीटर पाणी गेले. पायथ्याच्या नव्या चरीत पाणी मोजण्यासाठी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच असलेला पत्रा बसवला आहे, त्यावर चार सेंटीमीटर, म्हणजे सेकंदाला अर्ध्या लिटरहून थोडे कमी पाणी होते, आणि ते निवळ होते. रात्री दोन वाजता मी भरलेली बाटली आजींच्या खिडकीतून आत दिली. त्या जाग्याच होत्या. त्यांनी ती दिव्यासमोर धरून बराच वेळ पाहिली आणि सकाळपर्यंत फळीवर ठेवली. होड्या आम्ही नोव्हेंबरमध्ये पुन्हा पाण्यात सोडल्या, सांड्याच्या बाजूला साखळी आणि प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट हे नियम ठेवून. पावसाळ्यात पायथ्याची बाटली मात्र रोज संध्याकाळी आजींच्या घरीच जाते, आणि दुसऱ्या दिवशी गाळ बसला की नाही हे वहीत त्यांच्या सांगण्यावरून लिहिले जाते.